शहाबादी फरशीखालचा समुद्र

सोलापुरात विहीर खणली की आधी काळी माती, मग मुरूम आणि मग पहार परतवणारा काळा कातळ. हा बेसॉल्ट, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. मला मात्र त्याहून जास्त ओढ आहे ती घरातल्या फरशीची.

उन्हाळ्याच्या दुपारी आपण जिच्यावर चटईही न टाकता आडवे होतो, ती शहाबादी. तिच्यावर लिंबाचा रस सांडून तसाच राहिला तर पांढरट डाग पडतो, कारण ती चुनखडकाची आहे आणि आम्ल चुन्याला खातं. सोलापुरातून वाडी जंक्शनकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की गाणगापूर, कलबुर्गी गेल्यावर शहाबाद येतं. तिथल्या खडकांना भूवैज्ञानिकांनी आपल्याच नदीचं नाव दिलंय : भीमा समूह.

या समूहाच्या तळाशी वाळूचा खडक आहे. त्या थराचं नाव रबनपल्ली. जुन्या ग्रॅनाइटवर समुद्र चढू लागला तेव्हा काठाशी आधी गोटे साचले, मग वाळू, मग बारीक चिखल. पाणी खोल आणि नितळ होत गेलं तसा वर चुना बसला. एकावर एक रचलेल्या या थरांतून समुद्र आत येताना दिसतो, आणि हे वाचायला सूक्ष्मदर्शकसुद्धा लागत नाही.

यात शंख-शिंपले शोधू नका. हे खडक ५४ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या प्रोटेरोझोइक महाकल्पातले. कवचवाले प्राणी तेव्हा अवतरायचे होते. दगडावर झाडासारखी काळी नक्षी दिसली तर तीही बहुधा वनस्पती नसते, भेगांतून झिरपलेल्या मँगनीजची असते. खरा जीवाश्म फार साधा दिसतो. चुनखडकावरच्या हलकल शेलमध्ये, म्हणजे चिखल दाबून झालेल्या पापुद्र्यांच्या खडकात, चुआरिया सापडला आहे : जेमतेम काही मिलिमीटरची, कार्बनची चपटी गोल चकती. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधून १८९९ साली त्याचं पहिलं वर्णन झालं. तो बहुधा पाण्यावर तरंगणारं शेवाळ असावा. त्याच्यासोबत लांबट आकाराचा ताउइयाही मिळतो. शाईचा थेंब पडल्यासारख्या त्या ठिपक्यात एकेकाळी जीव होता, हे मला डायनासोरच्या हाडांहून थोर वाटतं.

या समूहाच्या वायव्य कडेवर, म्हणजे आपल्या बाजूला, काळा कातळ चढलेला आहे. जिथे तो थेट चुनखडकावर बसलाय, तिथे मधली ४७ कोटींहून अधिक वर्षं दगडात नाहीतच.