आश्रमशाळेतला अभ्यास आणि एथिक्स कमिटीत अडकलेली फाईल

नाशकात आरोग्यावर संशोधन करायचं म्हटलं की अनेकांना आश्रमशाळा आठवते. मुलं एका जागी सापडतात, हिमोग्लोबिन तपासणं सोपं. माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडून फाईली परत येतात त्याही याच विषयांच्या.

आधी मंजुरी, मग काम. डेटा गोळा करून मागाहून मंजुरी मिळत नाही, गाईड ‘सुरू कर, होईल सही’ म्हणाले असले तरी. ‘नुसती प्रश्नावली आहे’ हेही कारण नाही. सूट द्यायची का ते कमिटी ठरवते, म्हणजे अर्ज करावाच लागतो. कोरमला, म्हणजे बैठक वैध ठरायला, किमान 5 सदस्य लागतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे. तुमच्या सिनॉप्सिसच्या (प्रबंधाच्या आराखड्याच्या) शेवटच्या तारखेसाठी कुणी बैठक भरवत नाही.

अर्जासोबत प्रोटोकॉल (अभ्यास कसा करणार त्याचा आराखडा), सीव्ही, प्रश्नावली नेहमीप्रमाणे. निधीच्या रकान्यात मात्र ‘निरंक’ लिहून मोकळे होऊ नका. तपासणीच्या पट्ट्यांचे पैसे कोण देणार, हे विचारलं जातंच. खिशातून देणार असाल तर तसं लिहा.

खरी गोची संमतीपत्राची. आश्रमशाळेच्या अधीक्षकांची सही पालकांच्या जागी चालत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार, त्यापुढे 18 पर्यंत लेखी, आणि शिवाय पालकांची संमती. आता पालक असतात कुठे? पेठ-सुरगाण्याची कितीतरी माणसं छाटणीच्या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. मुलांबरोबर पाठवलेले कागद दप्तरातच चुरगळतात. त्यापेक्षा जूनमध्ये पोरांना सोडायला येतात तेव्हाच गाठा. अंगठा असेल तर वाचता येणारा, अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. मी पाहिलेल्या एका फाईलीत सगळ्या अंगठ्यांना साक्षीदार एकच, तोही संशोधकाच्या गाडीचा ड्रायव्हर!

आणि कृपा करून संमतीपत्रात ‘रक्तनमुना संकलन प्रक्रिया’ लिहू नका. ‘बोटाला सुई टोचून दोन थेंब रक्त घेऊ’ लिहा.

राहिलं शाळेत जाण्याचं परवानगीपत्र. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच, म्हणून लोक सरळ तिथे जातात आणि दिवस घालवतात. सुरुवात आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयातून करा. पेठ, त्र्यंबकची शाळा असेल तर नाशिकचं कार्यालय. सुरगाण्याची असेल तर कळवणचं. अर्ज दिलात की आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढच्या खेपेला ‘असा अर्जच आला नाही’ ऐकावं लागतं.