ताटासमोर बसलेल्या आईचं काय?

एनोरेक्सिया (वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडायला लावणारा मानसिक आजार) झालेल्या मुलीचं वजन, तिचे रिपोर्ट, तिची पाळी, सगळ्याची चौकशी होते आणि व्हायलाच हवी, पण अर्ध्या पोळीसाठी तिच्यासमोर तासभर बसून राहणाऱ्या आईला झोप लागते का हे कोणीच विचारत नाही. उलट नातेवाईक येऊन सांगून जातात की तुम्हीच लाडावून ठेवलंय, दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल!

असं करू नका प्लीज. उपाशी राहण्यानेच हा आजार आणखी घट्ट होतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांना साधारण सहा महिने जवळजवळ निम्म्या जेवणावर ठेवलं होतं, तर ती शांत स्वभावाची मुलं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, दिवसभर डोक्यात फक्त खाण्याचे विचार, काहीजण तर रेसिपीची पुस्तकं वाचत बसायचे. म्हणजे ताटावर बसून मुलगी आईवर ओरडते त्यात उपासमार झालेल्या मेंदूचा मोठा हात असतो. हे कळलं की आईच्या मनावरचा भार जरा तरी हलका होतो.

आणि दोषाचं म्हणाल तर पूर्वी डॉक्टरसुद्धा घरच्यांकडेच बोट दाखवायचे. आता 2019 च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या डीएनएमधल्या आठ जागा सापडल्यात, म्हणजे सगळं खापर आईबाबांवर फोडण्यात अर्थ नाही.

तरी घरच्यांच्या वागण्याने फरक पडतोच. लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जेनेट ट्रेझर यांनी यासाठी प्राण्यांची उदाहरणं दिलीत: पोटाशी धरून ठेवणारी कांगारू, वाद घालत अंगावर जाणारा गेंडा, वाळूत डोकं खुपसणारं शहामृग. घाबरलेला माणूस यातलं काहीतरी होतोच, त्यात लाज कसली. भाजीत तेल दिसलं की मुलगी रडते म्हणून अख्ख्या घराचं तेल बंद केलं जातं, त्या रात्री शांतता मिळते पण आजाराचा हट्ट पुरवला जातो. ट्रेझर यांना हवा असतो डॉल्फिन, शेजारून पोहत हलकेच दिशा देणारा.

पण रात्र रात्र जागलेली आई डॉल्फिन कशी होणार? म्हणून ताटावर बसायच्या पाळ्या लावा, एक जेवण बाबांनी, एक मावशीने सांभाळायचं. आईला रडू आवरत नसेल, झोप उडाली असेल तर तिच्यासाठीही वेगळी अपॉइंटमेंट घ्या, आणि तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.