रिपोर्टमधला एक शब्द: ‘मिथाइलेटेड’

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने वडिलांचा बायोप्सी रिपोर्ट फोनवर पाठवला. मेंदूतली कर्करोगाची गाठ, ग्लायोब्लास्टोमा. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘एमजीएमटी प्रमोटर: मिथाइलेटेड’. त्याने विचारलं, “सर, हा आणखी एक दोष निघाला का?” घरातले सगळे त्या शब्दाने धास्तावले होते. तपासणीत काही ‘निघालं’ म्हणजे वाईटच, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. त्या अख्ख्या कागदावर दिलासा देणारी ओळ मात्र तेवढी एकच होती. तिचा अर्थ डीएनएच्या रसायनात दडलेला आहे आणि तो कुणालाही कळू शकतो.

या आजारावरचं मुख्य केमो औषध म्हणजे टेमोझोलोमाइड. ते इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने तयार केलं. ते पोटातल्या आम्लात टिकतं, म्हणून कॅप्सूलमधून घेता येतं. रक्तात शिरल्यावर तिथल्या किंचित अल्कधर्मी वातावरणात ते आपोआप फुटतं. त्यासाठी यकृतातलं कोणतंही विकर (एन्झाइम) लागत नाही. रेणू लहान असल्यामुळे ते मेंदूतही पोचतं. फुटल्यावर त्याच्यापासून अत्यंत उतावळा असा एक मिथाइल गट सुटतो. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स. हा गट डीएनएला जाऊन चिकटतो.

तो चिकटतो बऱ्याच ठिकाणी. बहुतेक वेळा ग्वानीनच्या, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकाच्या, सातव्या नायट्रोजनवर, आणि ती जखम पेशी सहज भरून काढते. शंभरातले पाच-सहाच मिथाइल ग्वानीनच्या सहाव्या कार्बनवरच्या ऑक्सिजनला चिकटतात. पेशीचा जीव घेतात ते हेच.

ते कसे, हे मला वर्गात शिकवताना सर्वांत जास्त आवडायचं. ग्वानीनची जोडी सायटोसीनशी, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. ऑक्सिजनवर मिथाइल बसला की ग्वानीनचा तोंडवळा बदलतो. पेशी विभागताना डीएनएची नक्कल करणारं विकर फसतं आणि समोर सायटोसीनऐवजी थायमीन ठेवतं. मग जोड्या तपासणारी यंत्रणा येते. जोडी चुकली आहे, हे तिला बरोबर कळतं. पण चूक नव्याने बांधलेल्या धाग्यातच असणार, असं ती धरून चालते आणि थायमीनचा तुकडा कापून काढते. खरा दोष जुन्या धाग्यावर, तो तिथेच राहतो. रिकाम्या जागी पुन्हा थायमीन येतं. पुन्हा कापाकापी, पुन्हा थायमीन. या निष्फळ खटपटीत धाग्याला खिंडारं पडतात, पुढच्या विभाजनात तिथे दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. औषध जखम करतं, पण जीव जातो तो पेशीच्याच दुरुस्तीमुळे! म्हणूनच गाठीतल्या पेशी औषध आल्या दिवशी मरत नाहीत, दोन विभाजनं जावी लागतात. आणि विभागणं कधीच थांबवलेल्या मेंदूतल्या चेतापेशी बऱ्याच अंशी वाचतात.

आता या कथेत एमजीएमटी नावाचं प्रथिन येतं. त्याचं जनुक आपल्या दहाव्या गुणसूत्रावर आहे. हे प्रथिन डीएनएवरून फिरतं, ऑक्सिजनवर बसलेला मिथाइल सापडला की तो उचलतं आणि स्वतःच्या अंगावर घेतं. नेमकं सांगायचं तर आपल्या १४५व्या जागेवरच्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकावर. ग्वानीन पहिल्यासारखं होतं. पण गंधकाला चिकटलेला मिथाइल पुन्हा सुटत नाही. प्रथिन कायमचं निकामी होतं आणि पेशी त्याची विल्हेवाट लावते.

एरवी विकर म्हणजे उत्प्रेरक. लाळेतलं अमायलेज स्टार्चचे असंख्य बंध तोडतं आणि स्वतः शाबूत राहतं. इथे मात्र एका मिथाइलसाठी एक अख्खं प्रथिन खर्ची पडतं. मिथाइल अंगावर घेऊन प्रथिन स्वतः संपतं, हे पहिल्यांदा १९८० साली जिवाणूंमध्ये टोमास लिंडाल आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं. जोड्या तपासणारी वरची यंत्रणा पॉल मॉड्रिच यांनी उलगडली. डीएनएच्या दुरुस्तीवरच्या कामासाठी २०१५ साली या दोघांना, अझीझ सँकार यांच्यासह, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघांनी अभ्यासलेल्या दोन यंत्रणा टेमोझोलोमाइड घेणाऱ्या रुग्णाच्या गाठीत एकमेकींच्या विरोधात उभ्या असतात: एक पेशीला वाचवते, दुसरी नकळत मारते.

म्हणजे शेवटी हिशेब साठ्याचा आहे. पेशीत एमजीएमटीचे रेणू भरपूर असतील तर औषधाचे मिथाइल पुसले जातात. साठा नसेल तर पेशी मरते. आणि साठा आहे की नाही, हे ठरतं जनुकाच्या प्रमोटरवर, म्हणजे जनुक चालू-बंद होतं त्या भागावर. अनेक ग्लायोब्लास्टोमांमध्ये या भागातल्या सायटोसीनवर मिथाइल गट बसलेले असतात आणि त्यामुळे जनुक मुकं झालेलं असतं. हे मिथाइल औषधाचे नव्हेत, गाठीने स्वतःच बसवलेले. रिपोर्टमधला ‘मिथाइलेटेड’ तो हाच. अर्थ एवढाच की गाठीने आपली ढाल स्वतःच टाकून दिली आहे.

हे ओळखण्याची युक्तीही सुंदर आहे. गाठीतल्या डीएनएवर सोडियम बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. साध्या सायटोसीनचं त्याने युरॅसिल होतं, मिथाइलवालं सायटोसीन तसंच राहतं. मग पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने, फरक दिसतो.

हे सगळं रुग्णांमध्ये खरं ठरतं का? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, कर्करोगतज्ज्ञ रॉजर स्टुप यांच्या चाचणीत ५७३ रुग्ण होते. नुसत्या रेडिएशनने मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १२.१ महिने, जोडीला टेमोझोलोमाइड दिल्यावर १४.६. फरक अडीच महिन्यांचा. त्याच वेळी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधक मोनिका हेगी यांनी त्यातल्या २०६ रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा त्या आकड्यांमागचे दोन गट वेगळे झाले. मिथाइलेटेड गाठीच्या रुग्णांत रेडिएशनने १५.३ महिने, औषधासह २१.७. मिथाइलेटेड नसलेल्यांत ११.८ आणि १२.७. औषधाचा जवळजवळ सगळा फायदा एकाच गटाला मिळत होता.

एकाला औषध लागू पडलं, दुसऱ्याला नाही, याचं उत्तर आपल्याकडे अजून पत्रिकेत आणि अंगाऱ्यात शोधलं जातं. त्यात रुग्णाचे मोलाचे आठवडे जातात, याचा मला मनापासून राग येतो. रक्ताच्या थेंबावरून ‘तुम्हाला कोणती केमो चालेल’ सांगण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींपासूनही सावध राहा. एखाद्या खुणेवर विश्वास ठेवण्याआधी तिच्यामागे हेगी यांच्यासारखी तुलना आहे का, ते विचारा: खूण असलेल्यांतही काहींना औषध आणि काहींना नाही, खूण नसलेल्यांतही तसंच. नाहीतर खूण फक्त सौम्य आजार दाखवते की औषधाचा उपयोग सांगते, हे कळणारच नाही.

विद्यार्थ्याला मी हेही सांगितलं की ही हमी नव्हे. मिथाइलेटेड गटात औषध घेऊनही दोन वर्षांचा टप्पा गाठला तो ४६ टक्के रुग्णांनी. जोड्या तपासणारी यंत्रणाच बिघडलेल्या पेशी उपचारादरम्यान गाठीत पुढे येऊ शकतात. मग मिथाइल ग्वानीनवर बसून राहतो, पण कापाकापी होत नाही आणि पेशी तगते. ज्यांची गाठ मिथाइलेटेड नाही, त्यांच्यासाठी एमजीएमटीचा साठा आधीच संपवायचा, असा प्रयत्नही झाला. ओ-सिक्स-बेंझिलग्वानीन नावाचं आमिष देऊन प्रथिन खर्ची पाडलं. पण अस्थिमज्जेतली ढालही त्याबरोबर गेली, रक्तपेशी घसरल्या आणि केमोचा डोस कमी करावा लागला. अशा रुग्णांना आजही बहुधा टेमोझोलोमाइडच दिलं जातं, कारण हाताशी त्याहून चांगलं फारसं काही नाही. वृद्ध, अशक्त रुग्णाला रेडिएशन द्यायचं की नुसत्या कॅप्सूल, हे ठरवताना मात्र ही ओळ खरोखर निर्णय बदलते.

“पुण्यात ऑपरेशन झालं, पुढचे उपचार मुंबईत घ्यायचे आहेत. तपासणी पुन्हा करावी लागेल का?” त्याने शेवटी विचारलं. मी म्हटलं, ते तिथले डॉक्टर ठरवतील. पण गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, तो ब्लॉक आणि स्लाइड्स पॅथॉलॉजी विभागातून सही करून घे आणि सोबत ने.