फोनवरचा उपचार स्वस्त का पडतो?

‘फोनवर बोलून कुठं नैराश्य बरं होतं? ही गरिबांची सोय’, असं सुशिक्षित घरांतही ऐकू येतं. उपचार स्वस्त आहे हे खरं, पण तो कशामुळे स्वस्त पडतो हे समजलं की आक्षेप फारसा टिकत नाही.

दवाखान्याच्या जमाखर्चात समुपदेशकाचा पगार दिसतो. रुग्णाचं एसटीचं भाडं, त्याची आणि सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी कुठेच दिसत नाही. शिवाय नैराश्यात अंथरुणातून उठणंच जड जातं. अशा माणसाला दर आठवड्याला जिल्ह्याच्या गावी बोलावलं तर दोन-चार खेपांत तो येईनासा होतो.

खरी गोम या गळतीत आहे. खर्च दर सत्रामागे नव्हे, उपचार पूर्ण करणाऱ्या दर माणसामागे मोजायला हवा. शिकागो परिसरातल्या ३२५ रुग्णांवरचा एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार तोच, समुपदेशकाशी बोलण्याची ४५ मिनिटांची १८ सत्रं. एका गटाला समोरासमोर, दुसऱ्याला फोनवर. पहिल्या गटातून ३२.७ टक्के गळाले, फोनच्या गटातून २०.९ टक्के.

आता हिशोब करू. दोन्हीकडे १०० जण, सत्राचा दर सारखा, आणि गळालेले सरासरी नवव्या सत्रानंतर थांबले असं धरू. समोरासमोर ६७ जणांचे उपचार पूर्ण होतात आणि एकूण १५०३ सत्रं खर्ची पडतात, म्हणजे पूर्ण करणाऱ्या एकामागे सुमारे साडेबावीस. फोनवर ७९ जणांसाठी १६११, म्हणजे एकामागे वीसच्या थोडं वर. एसटीचा एक रुपयाही न धरता ही बचत झाली!

उपचार संपताना दोन्ही गटांची सुधारणा सारखीच होती. सहा महिन्यांनी मात्र समोरासमोरचा गट थोडा सरस ठरला. त्यामुळे वाचलेल्या पैशांतून पुढचे काही महिने पाठपुराव्याचे फोन करावेत, असं मला ठामपणे वाटतं.

मग माणूसच काढून नुसतं ॲप दिलं तर? मांत्रिकाच्या अंगाऱ्याला हसणारे लोक ‘नुसतं ॲपही पुरतं’ या दाव्यावर मात्र चटकन विश्वास ठेवतात. ब्रिटनमध्ये ६९१ रुग्णांना नेहमीच्या उपचारासोबत संगणकावरचे कार्यक्रम देऊन पाहिले. २०१५ च्या निष्कर्षांत जास्तीचा फायदा दिसला नाही, कारण बहुतेकांनी ते अर्ध्यातच सोडले. नंतरच्या प्रयोगात प्रशिक्षित माणसाच्या फोनची जोड दिली, तेव्हा चार महिन्यांनी फरक दिसला.

आपल्याकडे १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. तिथे आलेल्या फोनांची संख्या बातम्यांत येते. पहिल्या फोननंतर किती जण उपचारात टिकले, हा आकडाही तितक्याच ठळकपणे छापून यायला हवा.