अंतर्गळाच्या पिशवीत आतडंच असेल असं नाही

निपाणी, चिकोडी, खानापूरकडे ऊसतोड किंवा हमाली करणाऱ्यांना जांघेतला अंतर्गळ (हर्निया) नवा नाही. हंगाम संपेपर्यंत पट्टा बांधायचा, मग बेळगावला जाऊन ऑपरेशन, हा अनेकांचा हिशेब. पोटाच्या आतल्या अस्तराची पिशवी भिंतीतल्या कमकुवत जागेतून बाहेर येते. तिच्यात बहुधा आतड्याचं वेटोळं नाहीतर चरबीचा पडदा असतो. वेगळं काही निघालं, तर ऑपरेशनचा बेतच बदलतो.

उजव्या बाजूला, शंभरात साधारण एखाद्याच्या पिशवीत अपेंडिक्स असतं. शल्यचिकित्सक क्लॉडियस ॲमियांड यांनी १७३५ मध्ये लंडनला ११ वर्षांच्या मुलाच्या अंतर्गळातून टाचणीने भोक पडलेलं अपेंडिक्स काढलं. अपेंडिक्स काढल्याची ही पहिली नोंद. ईथरची भूल यायला अजून शतकभर अवकाश होता! निरोगी अपेंडिक्स सहसा आत सारून भिंतीला आधार म्हणून जाळी बसवतात. पू झालेलं असेल तर ते काढतात आणि जाळी शक्यतो टाळतात, कारण जंतू तिच्या धाग्यांत ठाण मांडतात. मग भिंत नुसत्या टाक्यांनी शिवायची. अंतर्गळ पुन्हा होण्याची शक्यता थोडी वाढते, पण ते परवडतं.

गोळा दाबल्याशिवाय लघवी पूर्ण होत नाही, किंवा लघवी झाल्यावर गोळा लहान होतो, हे पुरुष लाजून सांगत नाहीत. सांगावं. मूत्राशय घसरून आलेलं असू शकतं आणि चरबी समजून त्याला कात्री लागू शकते.

सर्वांत चकित करणारी गोष्ट म्हणजे पुरुषाच्या अंतर्गळात सापडणारं गर्भाशय. सुरुवातीला प्रत्येक गर्भात स्त्री-अवयवांच्या नळ्या असतात. मुलग्याच्या वृषणातलं एक संप्रेरक त्या आठव्या आठवड्यापासून जिरवू लागतं. ते तयारच झालं नाही, किंवा पेशींना त्याचा संदेश कळला नाही, तर गर्भाशय राहून जातं. माणूस बाहेरून पूर्ण पुरुष, गुणसूत्रंही पुरुषाचीच, एक्सवाय. वृषण मात्र अनेकदा खाली उतरलेलं नसतं. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं, त्यामुळे आपल्याकडच्या मामा-भाची किंवा मामेबहिणीशी झालेल्या लग्नांत ही शक्यता वाढते. भावांचीही तपासणी करून घ्यावी. हे गर्भाशय तिथल्या तिथे कापून टाकणं घाईचं ठरतं: शुक्रवाहिन्या त्याच्या कडांना चिकटलेल्या असतात.

उलट प्रकार मुलींत दिसतो. अंतर्गळ असलेल्या मुलींपैकी सुमारे १ ते २ टक्क्यांत आत वृषण निघतं; गुणसूत्रं एक्सवाय असतात, पण शरीर पुरुषी संप्रेरकाला दादच देत नाही. दोन्ही बाजूंना अंतर्गळ असेल तर गुणसूत्र तपासणीचा विचार व्हायला हवा, नाहीतर पाळी न आल्यावरच उलगडा होतो.

फसवा प्रकार म्हणजे आतड्याची फक्त एक कड अडकणं. वाट पूर्ण बंद होत नाही, गॅस सरतो, शौचाला होतं, म्हणून घरचे थांबतात आणि ती कड काळी पडत जाते. गोळा आत जाईना, सतत दुखतोय, वरची कातडी लाल झाली, तर दाबून बसवू नये. काही खायला-प्यायला न देता थेट दवाखाना गाठावा.