लाल भोपळा आणि कोहळा: साल फसवते, गर फसवत नाही

वेलभाज्यांचा बहर ओसरल्यावर शरद ऋतूत जी दोन जड, टिकाऊ फळे घरात येतात, त्यांपैकी लाल भोपळा बहुतेकांच्या आवडीचा असतो आणि कोहळा पुष्कळांना नेमका ओळखता येत नाही. केशरी सालीचा भोपळा समोर असेल तर प्रश्नच उरत नाही. परंतु भोपळ्याच्या कित्येक वाणांची साल पिकल्यानंतरही हिरवी किंवा राखाडी राहते, आणि असे अखंड फळ कोहळ्याशेजारी ठेवले की सरावलेली नजरही घोटाळते.

दोन्ही फळे काकडीच्या कुळातली आहेत आणि दोन्ही वेलींवर नर व मादी फुले निराळी येतात. पण त्यांचे नाते याहून जवळचे नाही. भोपळा हा कुकर्बिटा प्रजातीतला असून मूळचा अमेरिका खंडांतला आहे. मेक्सिकोतील एका गुहेत सापडलेल्या बियांवरून या प्रजातीतील एका जातीची लागवड सुमारे १०,००० वर्षांपूर्वी सुरू झाली होती, असे मानले जाते. उरलेल्या जगाला तिची ओळख झाली ती १४९२ नंतर. कोहळा, म्हणजे बेनिनकासा हिस्पिडा, हा मात्र आशियातला आहे.

न कापता ओळखायचे असेल तर फळावर बोट घासून पाहावे. कोहळा कोवळा असताना त्याच्या अंगावर टोचरी लव असते. तो पिकत जातो तशी ती झडते आणि सालीवर मेणाचा पांढरा थर चढतो. बोट ओढले की ही पांढरी भुकटी बोटाला लागते आणि खालची गडद हिरवी साल रेघेसारखी उघडी पडते. राखाडी भोपळ्याचा रंग सालीचाच असल्यामुळे तो असा पुसला जात नाही. शिवाय बऱ्याच भोपळ्यांवर देठापासून बुडापर्यंत उभ्या खाचा असतात, तर कोहळ्याचे अंग सपाट असते. देठावरूनही अंदाज येतो, पण भोपळ्याच्या जातींनुसार तो इतका बदलतो (कोठे टणक आणि पाच धारांचा, कोठे गोल आणि बुचासारखा) की त्यावर फार विसंबू नये.

सुरी चालवल्यावर शंका राहत नाही. भोपळ्याचा गर पिवळा ते गडद केशरी असतो आणि तो रंग मुख्यतः कॅरोटीन गटातील द्रव्यांचा असतो; त्यांतील बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. ही द्रव्ये स्निग्ध पदार्थात विरघळणारी असल्याने भोपळ्याच्या भाजीला थोडे तेल किंवा तूप हवेच. कोहळ्याचा गर पांढराशुभ्र आणि मध्यभागी भुसभुशीत असतो. कच्च्या भोपळ्यात पाणी सुमारे ९२ टक्के, तर कोहळ्यात ९६ टक्के असते. हा फरक कागदावर किरकोळ दिसला तरी त्याचा अर्थ असा की १०० ग्रॅम भोपळ्यात आठ ग्रॅम घन भाग असतो आणि तेवढ्याच कोहळ्यात त्याच्या निम्मा. म्हणून ऊर्जाही साधारण २६ आणि १३ कॅलरी अशी येते.

स्वयंपाकातले दोघांचे वेगळेपण येथूनच सुरू होते. भोपळ्याला स्वतःची गोडी आणि पिठूळपणा असतो. त्याच्या फोडी कोरड्या भाजल्या तर कडा तांबूस होऊन गोडी अधिकच उतरते, आणि माझ्या मते त्याला पाण्यात उकडणे म्हणजे निम्मी चव घालवणे होय. कोहळ्याला स्वतःची चव जवळजवळ नसते, आणि हा त्याचा दोष मानणे मला अन्यायाचे वाटते, कारण रश्शात घातलेली त्याची फोड शिजताना पारदर्शक होत जाते आणि रश्श्याची सगळी चव शोषून घेते. किसलेला कोहळा मात्र पिळून घ्यावा लागतो, अन्यथा पदार्थ पाणचट होतो. साखरेच्या पाकात मुरवण्याच्या फोडी आधी चुन्याच्या निवळीत ठेवतात. चुन्यातील कॅल्शियम गरातील पेक्टिनशी जोडले जाते आणि फोडी पाकातही टणक राहतात. हे सारे लक्षात घेता, एखाद्या पदार्थात भोपळा सांगितला असताना त्याऐवजी कोहळा घालणे म्हणजे ती पाककृतीच बदलणे आहे.

साठवणुकीत दोन्ही चिवट आहेत. मेणाच्या थरामुळे कोहळ्यातील ओलावा टिकतो आणि चांगला पिकलेला कोहळा अखंड असेल तर कित्येक महिने राहतो. भोपळाही कोरड्या, हवेशीर जागी, १० ते १५ अंश सेल्सियस तापमानात दीर्घकाळ टिकतो, आणि काही वाणांमध्ये त्या काळात गरातील स्टार्चची साखर होत गेल्याने तो काढणीनंतर काही आठवड्यांनी अधिक गोड लागतो. अखंड फळ शीतकपाटात ठेवू नये, कारण अति थंडीने गर खराब होतो. चिरलेला तुकडा मात्र तेथेच झाकून ठेवावा आणि चार-पाच दिवसांत संपवावा.

दोहोंपैकी कोणतेही फळ चिरल्यावर कच्च्या गराचा बारीक कण जिभेवर ठेवून पाहावा. तो कडू लागला तर थुंकून टाकावा आणि सबंध फळ फेकून द्यावे, कारण कडवटपणा आणणारी कुकर्बिटासिन ही द्रव्ये विषारी असतात आणि शिजवल्यानेही नाहीशी होत नाहीत.