हिंडन हे दिल्लीचे चौथे टर्मिनल नव्हे

इंदूरहून दिल्लीला विमानाने जाणाऱ्यांचा एक घोटाळा अलीकडे सारखा कानावर येतो: दिल्ली समजून तिकीट काढतात आणि उतरतात शेजारच्या गाझियाबादच्या हिंडन विमानतळावर. २०२५ मध्ये इंडिगोची इंदूर-हिंडन सेवा सुरू झाल्यापासून तर तो फारच वाढला आहे. तिकीट शोधताना ‘दिल्ली’ लिहिले की इंदिरा गांधी विमानतळाच्या जोडीने हिंडनही यादीत येऊ शकते, आणि आपली मंडळी भाडे पाहतात, वेळ पाहतात, विमानतळाचे नाव मात्र पाहत नाहीत. त्यातून तिकीट काढून देणारा ‘दिल्लीच आहे हो ते’ असे ठासून सांगत असेल, तर विचारायलाच नको.

इंदिरा गांधी विमानतळाबद्दल फार सांगण्याची गरज नाही. तीन टर्मिनले, तिसऱ्या टर्मिनलपासून नवी दिल्ली स्थानकापर्यंत विमानतळ मेट्रो, आणि परदेशी उड्डाणे, हे सर्वांना ठाऊक आहे.

हिंडन मुळात वायुदलाचा तळ आहे आणि तो दिल्लीत नसून उत्तर प्रदेशात, गाझियाबादला आहे. ८ ऑक्टोबरचे वायुदल दिनाचे संचलन अनेक वर्षे तेथेच होत असे. धावपट्टी वायुदलाची आणि प्रवाशांची इमारत तेवढी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची, अशी ही व्यवस्था आहे. ग्वाल्हेरला महाराजपुऱ्यात ज्यांचे येणे-जाणे असते त्यांना ती नवी वाटणार नाही. मार्च २०१९ मध्ये उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पिथौरागढचे पहिले उड्डाण झाले, तेही नऊ आसनांच्या विमानाने. मोठ्या कंपन्यांची जेट विमाने तेथे नियमित येऊ लागली ती २०२५ पासून.

इमारत लहान, दुकाने कमी, छायाचित्रे काढण्यास मनाई, हे फरक किरकोळ आहेत. खरी फसगत होते ती हिंडनला दिल्ली विमानतळाचेच आणखी एक टर्मिनल समजल्यामुळे. पहिल्या टर्मिनलवरून तिसऱ्यावर जाणे कंटाळवाणे असले तरी ते एकाच विमानतळाच्या आवारातले जाणे आहे. हिंडनहून तिसऱ्या टर्मिनलवर जायचे म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, राज्याची सीमा आणि यमुना ओलांडून, दिल्लीच्या पूर्व टोकापासून नैऋत्य टोकापर्यंत. संध्याकाळच्या गर्दीत यालाच इंदूर-दिल्ली उड्डाणापेक्षा अधिक वेळ लागू शकतो. पुढचे विमान पालमहून, म्हणजे इंदिरा गांधी विमानतळावरून असेल, तर हिंडनला पट्ट्यावरून स्वतःची बॅग उचलायची, टॅक्सी करायची आणि तिकडे पुन्हा बॅग देऊन सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहायचे. दोन तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील आणि पुढचे विमान निघून गेले, तर त्या पैशांवर सहसा पाणीच सोडावे लागते. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना पाचसातशे रुपये वाचवण्यासाठी हिंडनमार्गे पाठवणे याला मी काटकसर म्हणणार नाही.

मेट्रोच्या भरवशावर जाणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत आहे. लाल मार्गिकेवर ‘हिंडन रिव्हर’ नावाचे स्थानक आहे, पण ते नदीचे नाव आहे. तेथे उतरले की विमानतळ समोर येत नाही, रिक्षा शोधावी लागते. दिल्लीचे ‘नवे विमानतळ’ म्हणून ज्याची चर्चा होते ते जेवरचे, म्हणजे यमुना द्रुतगती मार्गाकडचे तिसरेच प्रकरण आहे. त्याचा हिंडनशी काही संबंध नाही.

तरीही हिंडनला नाके मुरडणारेही मला पटत नाहीत. गाझियाबाद, शाहदरा, मेरठ किंवा हरिद्वारला जाणाऱ्याने पालमला उतरून सगळी दिल्ली ओलांडण्यात काही अर्थ नाही. त्याने खुशाल हिंडनचे तिकीट काढावे. तिकिटावर ‘एचडीओ’ असेल तर हिंडन आणि ‘डीईएल’ असेल तर पालम, एवढे पैसे भरण्याआधी पाहावे, आणि परतीच्या तिकिटावर ते पुन्हा पाहावे. कारण जाताना एक आणि येताना दुसरे, अशी जोडी स्वस्त भाड्याच्या नादात सहज जुळून जाते.